कुलूप लावण्याआधी विरजण मागे ठेवा

प्रति,
जुन्या ब्रुअऱ्या विकत घेणाऱ्या आणि बंद करणाऱ्या बिअर कंपन्यांची संचालक मंडळं

सप्रेम नमस्कार.

मी खानदेशातला, एका गिरणी कामगाराचा मुलगा. पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि आयुष्यातली ३१ वर्षं मराठवाड्यातल्या एका बिअरच्या कारखान्यात यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारा सूक्ष्मजीव, सांभाळलं. आता गावी राहतो. तुमच्यापैकी कुणाला मराठी येत नसेल, पण तुमच्या मुंबई-बंगळुरूच्या कार्यालयांत माझे जुने सहकारी अजून आहेत. त्यांनी वाचावं आणि तुमच्यापर्यंत पोचवावं म्हणून हे उघड लिहितो आहे.

ज्या बातमीने लिहायला बसवलं ती इंग्लंडची. वुल्व्हरहॅम्प्टन गावातली बँक्सेसची पार्क ब्रुअरी, १८७५ पासूनची, बंद करायचं डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या तिथल्या शाखेने २०२४ मध्ये जाहीर केलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला बर्टन-ऑन-ट्रेंटच्या मार्स्टन्स ब्रुअरीतली ‘बर्टन युनियन’ थांबवल्याची बातमी आली होती. ही काय चीज होती ते आमच्या वाचकांना सांगायला हवं. ओकच्या लाकडाची मोठी पिंपं आडवी, ओळीने मांडलेली. प्रत्येक पिंपातून बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली नळी वर निघते. आत आंबणं जोरात सुरू झालं की फेस आणि यीस्ट नळीतून चढून वरच्या लांब पन्हळीत पडतं; बिअर निवळून पुन्हा खाली पिंपात उतरते, यीस्ट पन्हळीत राहतं आणि पुढच्या घाण्याला वापरलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही युक्ती. त्या काळी बर्टनभर असलेली ही पद्धत शेवटी एवढ्या एकाच ठिकाणी उरली होती. बर्टनच्या जमिनीखालच्या पाण्यात जिप्सम आहे म्हणून तिथली बिअर नावाजली गेली. आजही कुठे ब्रुअर पाण्यात जिप्सम टाकतो तेव्हा त्या क्रियेला बर्टनचंच नाव देतो. थांबवलेल्या त्या युनियनमधला पिंपांचा एक संच थॉर्नब्रिज नावाच्या छोट्या ब्रुअरीने मागून घेतला आणि चालवला, एवढं समाधान. बाकीच्या रिकाम्या पिंपांचा फोटो मला एका मित्राने पाठवला. तो पाहून दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

ते का, हे समजायला यीस्ट म्हणजे काय ते आधी समजलं पाहिजे.

आमच्याकडे घरातलं विरजण संपलं की बाई वाटी घेऊन शेजारी जाते. दोन घरांत दूध एकाच गवळ्याचं येतं, तरी दह्याची चव वेगळी लागते, कारण विरजण वेगळं. बिअरचं तसंच आहे. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडून गरम पाण्यात कालवायचे, गोड पाणी गाळून त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, इथपर्यंत माणसाचं काम. पुढचं सगळं यीस्ट करतं. तेच जव, तेच हॉप्स, तेच पाणी घेऊन दोन यीस्ट लावा. एकात केळ्यालवंगांचा वास येईल, दुसऱ्यात काहीच नाही, नुसता स्वच्छपणा. जुन्या ब्रुअरीचं यीस्ट एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घालत पिढ्यान्‌पिढ्या जगवलेलं असतं. तिथल्या टाकीच्या आकाराला, तापमानाला, पाण्याला ते रुळलेलं असतं. बाजारात ते विकत मिळत नाही. कारखाना बंद करून लेबल दुसरीकडे न्याल तेव्हा यीस्टही नेता, हे मला माहीत आहे. पण लेबलाचा खप घसरला की ते यीस्ट गोठवण्याच्या कपाटातल्या एका खणात जातं, आणि कपाट आवरायची वेळ आली की तेही जातं.

कार्ल्सबर्गच्या मंडळाला हे मी सांगावं असं काही नाही, कारण ही विद्या त्यांच्याच घरची. तुमचे संस्थापक जे. सी. याकबसेन १८४५ मध्ये म्युनिकला गेले, तिथल्या श्पाटन ब्रुअरीच्या झेडलमायर यांच्याकडून त्यांनी यीस्ट घेतलं, आणि घोडागाडी थांबेल तिथे भांड्यावर थंड पाणी ओतत ते कोपनहेगनपर्यंत जिवंत नेलं. म्हणजे कार्ल्सबर्गची सुरुवातच शेजाऱ्याने दिलेल्या विरजणावर झाली. पुढे १८७५ मध्ये त्यांनी प्रयोगशाळा काढली. १८८३ मध्ये तिथे एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. बिअर नासण्याच्या भीतीने सगळे ब्रुअर तेव्हा हैराण असत. या शोधाचं पेटंट घेऊन याकबसेन यांना हवे तेवढे पैसे करता आले असते. त्यांनी ते यीस्ट मागेल त्याला फुकट दिलं. त्याच प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी पीएच मोजपट्टी काढली. ती आज आमच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात हा इतिहास सांगितला होता. म्हणाले होते, “आपलं पोट या माणसाच्या देण्यावर चाललंय, विसरू नको.” मी विसरलो नाही.

म्हणून त्याच कंपनीच्या नावावर बंद झालेल्या ब्रुअऱ्यांची यादी वाचताना जीव तुटतो. लीड्समधली टेटली, १८२२ ची, २०११ मध्ये बंद केली. तिची पिंपातली बिअर कुठे हलवली? वुल्व्हरहॅम्प्टनला, त्याच पार्क ब्रुअरीत. म्हणजे एका घरातून उठवून दुसऱ्या घरात बसवलं आणि मग ते दुसरं घरही पाडायला काढलं. कॉकरमथ गावातली जेनिंग्ज १८२८ ची. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये नदीचा पूर तिच्या आत शिरला, यंत्रं पाण्याखाली गेली. तरी कामगारांनी चिखल उपसून काही महिन्यांत ती पुन्हा सुरू केली. पुराला न हरलेली ही ब्रुअरी २०२२ मध्ये कार्यालयातल्या एका निर्णयाने बंद झाली.

इतर कंपन्यांनी सुटकेचा श्वास सोडू नये. एबी इनबेव्ह या बिअर कंपनीने २०१६ मध्ये सॅबमिलर ही दुसरी मोठी बिअर कंपनी घेतली, शंभर अब्ज डॉलरच्या आसपासचा तो व्यवहार. त्यात आमच्या देशातली किती नावं या खिशातून त्या खिशात गेली ते इथल्या वाइन शॉपच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला कळलंही नाही. हेवर्ड्स ५००० हे नाव शॉ वॉलेसचं. तिथून सॅबमिलरकडे, तिथून एबी इनबेव्हकडे. नॉक आउट मूळची म्हैसूर ब्रुअरीजची. तिचाही प्रवास तोच. १९१५ मध्ये दक्षिणेतल्या पाच ब्रुअऱ्या एकत्र करून उभी राहिलेली युनायटेड ब्रुअरीज १९४७ नंतर विठ्ठल मल्ल्यांमुळे भारतीय हातात आली, आणि २०२१ मध्ये तिची मालकी हायनेकेनकडे गेली. मालक बदलणं हा गुन्हा नाही. कधी कधी नवा मालक जुन्यापेक्षा बरा निघतो. असाही या जपानी कंपनीकडे गेलेल्या, चेक देशातल्या प्लझेन गावच्या ब्रुअरीत १८४२ पासूनची पिल्सनर आजही प्लझेनमध्येच बनते, आणि चव जुळते का हे पाहायला थोडी बिअर अजून लाकडी पिंपात आंबवतात. मधल्या काळात तिचं उत्पादन पोलंडमध्ये नेऊन पाहिलं होतं. पुढे ते परत आणलं. जमतं, हे मला म्हणायचं आहे. मनात असलं तर जमतं.

आता आमच्याच लोकांचा प्रश्न. हे पत्र वाचून खानदेशातली एखादी माउली विचारेल, “दारूचे कारखाने बंद पडले तर तुम्हाला दुःख कशाचं? आमचे संसार याच दारूने मोडले.” तिच्यापुढे मी मान खाली घालतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्याच्या भागात, १९३८ च्या सुमारास गुला महाराजांच्या आरत्यांना हजारो भिल्ल बांधव जमत आणि दारू सोडून घरी जात. कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांनी आपण होऊन सोडली, म्हणून त्या चळवळीबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ब्रुअरी बंद होते तेव्हा असं काही होत नाही. एक पेलासुद्धा कमी होत नाही. तेच लेबल दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यातून, जास्त वेगाने, येतं. कमी होतात ती माणसं आणि त्यांच्या हातातली विद्या.

हेही आमच्या डोंगरात एकदा होऊन गेलं आहे. महूची फुलं वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची, मडक्याच्या भट्टीवर उतरवायची. सण, लग्न, मयत, देवाच्या नावाने जमिनीवर धार सोडणं, सगळ्याला तीच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि मक्तेदाराचं दुकान कायदेशीर केलं. दारू पिणं थांबलं नाही. पूर्वी जे स्वतः करून घ्यायचे ते मक्तेदाराला पैसे मोजू लागले, कर्जात गेले. कोणत्या झाडाची फुलं किती दिवस आंबवायची हे ज्यांना कळत होतं ते पोलिसांच्या वहीत आले. कायद्याने बंद करा किंवा शेअर बाजारातून बंद करा, गावाच्या हातून विद्या काढून घेतली की काय होतं ते आम्ही दीडशे वर्षांपूर्वी पाहिलंय.

आणि मी स्वतः दोनदा पाहिलं.

पहिल्यांदा आबांच्या गिरणीत. आबा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. आमच्या गावात घड्याळं भोंग्यावर लावत. पहाटेच्या भोंग्याला आई चूल पेटवायची. एके दिवशी तिने मला हलवून उठवलं आणि विचारलं, “आज भोंगा वाजना नही का रे भाऊ?” त्या दिवसानंतर तो वाजलाच नाही. कामगारांची देणी मिळायला इतकी वर्षं गेली की आबांच्या बरोबरीचे कित्येक तोवर गेले होते. साचे गॅस कटरने कापून भंगारात गेले. मला सगळ्यात जास्त आठवतात त्या वह्या. गिरणीत कापडाच्या नमुन्यांच्या जाड वह्या होत्या, प्रत्येक पानावर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा तुकडा चिकटवलेला आणि बाजूला ताण्याबाण्याचा हिशेब शाईने लिहिलेला. त्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवर पाहिल्या. आबांनी त्यातली एक घरी आणली. ती अजून माझ्याकडे आहे. आज कुणी ते कापड पुन्हा विणायचं म्हटलं तर त्या एका वहीतल्यापुरतं विणता येईल, बाकीचं नाही.

दुसऱ्यांदा आमच्या कारखान्यात. मी लागलो तेव्हा तो एका कुटुंबाचा होता. शेठ रोज सकाळी टाक्यांच्या खोलीत येत, झाकण उघडून वास घेत. लोण्यासारखा वास आला की म्हणत, “अजून दोन दिवस थांबा, यीस्टला स्वतःचं काम पुरं करू द्या.” आम्ही थांबायचो. मग कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला, ती कंपनी तिच्याहून मोठीने. दर वेळी माझ्या पगारपत्रकावरचं नाव बदललं. टाक्या त्याच राहिल्या. थांबण्याचे दिवस मात्र कमी होत गेले. शेवटी आदेश आला.

कंपनीने माणसांची नुकसानभरपाई वेळेवर दिली, हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. पण प्रयोगशाळेसाठी वेगळा ई-मेल होता: सर्व कल्चर नष्ट करून अहवाल पाठवा. माझ्याकडे यीस्टच्या चौदा नळ्या होत्या, तिरप्या थिजवलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, वाढवलेल्या, चार अंशांवर ठेवलेल्या. सगळ्यात जुन्या वंशाच्या नळीवरचा मजकूर माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरात होता. मी दर काही महिन्यांनी नव्या नळीत यीस्ट लावलं तरी त्याची चिठ्ठी काढून नव्या नळीला डकवायचो. मी उलट लिहिलं की पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, या नळ्या तिथे द्यायला परवानगी द्या, रिक्षाचं भाडंसुद्धा मी देतो. उत्तर आलं नाही. मुदत संपली. मी चौदाही नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, ठेवल्या. १२१ अंश, वीस मिनिटं. दार उघडलं तेव्हा भाजलेल्या पावासारखा वास आला. रजिस्टरमध्ये “नष्ट केले” लिहून सही केली.

त्यानंतरचे दोन दिवस आसपासचे गवळी टेम्पो घेऊन फाटकाशी येत राहिले. जवाचा चोथा ते म्हशींना नेत. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

मी ती परवानगी न मिळताही पुण्याला गेलो असतो तर? हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही. कागदोपत्री ती कंपनीची मालमत्ता होती. पण ज्या मालमत्तेची तुम्हाला किंमत नव्हती, जिच्यासाठी तुम्ही एक ओळ उत्तर लिहिलं नाही, ती जगली असती तर तुमचं काय गेलं असतं?

होगार्डनची गोष्ट तुमच्यातल्या काहींना नक्की माहीत आहे. बेल्जियममधल्या त्या गावात गव्हाच्या पांढऱ्या बिअरची शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद झाली. तिच्या शेजारी वाढलेल्या पिएर सेलिस नावाच्या, दुधाचा रतीब घालणाऱ्या माणसाने १९६६ मध्ये ती बिअर पुन्हा सुरू केली. पोरवयात त्या ब्रुअरीत हातभार लावला होता, तेवढ्या आठवणीवर. १९८५ मध्ये आग लागली, विमा पुरेसा नव्हता, मोठ्या कंपनीचे पैसे आले आणि हळूहळू ब्रुअरी त्यांची झाली. २००५ मध्ये इनबेव्हने जाहीर केलं की होगार्डनमधली ब्रुअरी बंद करून उत्पादन झ्युपिलच्या मोठ्या कारखान्यात नेणार. गाव रस्त्यावर उतरलं. २००७ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. आज होगार्डन होगार्डनमध्येच बनते. संचालक मंडळाचा निर्णय हा काही ब्रह्मदेवाचा लेख नव्हे.

सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रुअरी १८९६ ची. सप्पोरो या जपानी कंपनीने २०१७ मध्ये घेतली, २०२३ च्या जुलैमध्ये बंद केली. तिथल्या कामगारांनी एकत्र येऊन आपण सहकारी पद्धतीने चालवू म्हणून विकत घ्यायचा प्रयत्न केला. आम्हा खानदेशी माणसांना यात नवल नाही. आमच्याकडे पी. के. अण्णा पाटलांनी शहाद्याजवळ शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्याभोवती पुरुषोत्तमनगर वसलं. पण भागभांडवल जमवायला वेळ लागतो, गावोगाव हिंडावं लागतं, आणि बंदीची घोषणा व कुलूप यांत तुम्ही तो वेळ ठेवत नाही. अँकर पुढच्या वर्षी एका उद्योजकाने घेतली. कामगारांना ती मिळाली नाही.

म्हणून माझं मागणं फार नाही. ब्रुअरी चालत नसेल तर चालवा असं मी म्हणणार नाही, तोट्याचा हिशेब मलाही कळतो. पण बंद करण्याआधी पूर्ण एक वर्ष सांगा आणि त्या वर्षात विकत घेण्याचा पहिला हक्क तिथल्या कामगारांना आणि गावाला द्या. यंत्रांसकट द्या, फक्त जमीन नव्हे; जमिनीची किंमत बिअरपेक्षा जास्त येते म्हणून कित्येक बंद झाल्या हे आम्हाला दिसतं. लेबल दुसरीकडे नेलंत तर बाटलीवर खरं गाव लिहा, बारीक अक्षरात मागे नको, नावाखाली. आणि ज्या नावाची बिअर तुम्ही बनवणंच सोडून दिलंय ते नाव पाच वर्षांनी गावाला परत करा. कपाटात ठेवून त्याचं तुम्ही काय करता? घाण्यांच्या वह्या, म्हणजे रोज किती जव, कोणतं पाणी, किती अंश, कोण पाळीवर, त्या रद्दीत घालू नका. जवळच्या विद्यापीठाला द्या. इकडची एखादी बंद झाली तर जळगावच्या आमच्या विद्यापीठात कुणीतरी पोरगं त्यावर चार वर्षं काम करील, याची मला खात्री आहे.

यीस्टबद्दल मात्र मी विनंती करत नाही, मागणी करतो. आजच, कोणतीही ब्रुअरी बंद करायचा विचार नसतानाही, प्रत्येक जुन्या ब्रुअरीचं यीस्ट सार्वजनिक संग्रहात ठेवा. इंग्लंडमध्ये नॉरिचला यीस्टचा राष्ट्रीय संग्रह आहे, आपल्याकडे पुण्याला आणि चंडीगडला आहेत. ब्रुअरी चालू आहे तोवर ते कुलपात राहू दे, तुमच्याखेरीज कुणाला मिळू नये, मान्य. ज्या दिवशी ती बंद कराल त्या दिवसापासून ते मागेल त्याला मिळावं. याकबसेन यांनी १८८३ मध्ये जे केलं त्याहून हे कमीच आहे.

लंडनच्या वँड्सवर्थ भागातली राम ब्रुअरी २००६ मध्ये बंद झाली आणि जागा घरबांधणीला गेली. १५८१ पासून तिथे बिअर बनत असल्याची नोंद होती. तिथल्या एका ब्रुअरने बंद पडलेल्या आवारातच हाताला लागतील ती भांडी जोडून थोडी थोडी बिअर आंबवत ठेवली, जागेची परंपरा तुटू नये म्हणून. विकायला नव्हती ती. मी त्या माणसाला कधी भेटलो नाही. पण त्याने जे केलं ते करायची संधी मला होती, आणि मी सही केली.

तुमच्या कुठल्याशा कारखान्यात आज माझ्यासारखा एखादा माणूस चार अंशांच्या कपाटासमोर उभा असेल. त्याला ई-मेल पाठवायची वेळ आली तर त्यात त्या संग्रहाचा पत्ता लिहा, आणि रिक्षाचं भाडं मंजूर करा.

आपला,
एक निवृत्त यीस्ट तंत्रज्ञ
खानदेश